मास्तरला बघू

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतला मास्तर नव्हे, शिंपी. मीही मास्तरच म्हणते आणि चिडले की गाढव म्हणते. ही गोष्ट सांगताना मी चिडणार आहे, तेव्हा दोन्ही नावं ऐकायची तयारी ठेवा.

त्याचं दुकान म्हणजे आमच्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. आत एक पायाचं मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री, आणि माप द्यायला आलेल्या माणसाने पोट आत घेतलं तरच मागे वळता येईल एवढी जागा. मशीनला मोटर बसवून घे, पायांना तरी आराम मिळेल, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. त्याचं म्हणणं, मोटरला कापडाची दया येत नाही. भिंतीवर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला कागदी नमुने टांगलेले. पाठीचे, बाह्यांचे, कॉलरचे. ज्यांच्या मापाचे ते नमुने, त्यातली निम्मी गिऱ्हाइकं शहर सोडून गेली होती आणि काही तर जगच सोडून गेली होती. टाक ते कागद, झुरळं होतात, असं म्हटलं की म्हणायचा, पोरगा बापाच्या अंगलटीवर गेला तर मी काय करू? शिंप्याने नमुना टाकायचा नसतो, एवढं एकच तत्त्वज्ञान त्याच्यापाशी होतं.

हात मात्र सोन्याचा. तुरपाई अशी घालायचा की उलट्या बाजूने शोधलं तरी टाका सापडायचा नाही. लग्नाचा कोट असो की शाळेची चड्डी, मान खाली घालून बसला की हाक मारली तरी वर बघायचा नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो असाच बसत आला होता. गिऱ्हाइकांशी बोलायचं, भांडायचं, तारीख पुढे ढकलायची, ही सगळी कामं माझ्या भावजयीची. ती दारातल्या स्टुलावर बसायची आणि अख्ख्या गल्लीची खबर ठेवायची. मास्तरच्या वाटचं बोलणंही तीच बोलायची.

मग तापाची साथ आली. आधी घसा धरायचा, मग छाती. आठवड्याच्या सुरुवातीला भावजय कुणाशी तरी पॅन्टच्या लांबीवरून वाद घालत होती आणि आठवडा संपायच्या आत आम्ही तिला निरोप देऊन घरी आलो होतो. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. मास्तरचा शर्ट मुठीत धरून ती नुसती श्वास ओढत होती. आयुष्यभर जिचं तोंड मिटलं नाही, ती बाई हवेसाठी तोंड उघडून गेली. तो शर्ट त्याने पुन्हा अंगात घातला नाही आणि टाकलाही नाही.

त्यानंतर तो दुकानात बसायचा, शिवायचा, पण दुकान मुकं झालं. लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. मी वरच्या मजल्यावर. दोन वेळचं जेवण मी खाली न्यायचे आणि ताट तसंच वर आणायचे. अशात मोठ्या हॉस्पिटलने त्या तापावरची नवी लस टोचून बघायला निरोगी माणसं मागितली. आमचा हा पठ्ठ्या कुणाला न सांगता जाऊन दंड पुढे करून आला. मी त्याच्यावर असा तोंडाचा पट्टा सोडला की वरचे शेजारी खाली आले. विषाची परीक्षा घ्यायला तूच उरला होतास का, असं विचारलं. त्याने दोरा ओवता ओवता उत्तर दिलं, कुणीतरी घ्यायलाच हवी ना, ताई. कुणी आधी घेतली असती तर ही गेली नसती.

लसवाल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी त्याला समोर बसवून समजावलं होतं. जुन्या लशींत मारलेला नाहीतर दुबळा केलेला जंतू असायचा. या नव्या तऱ्हेत जंतू नाहीच, जंतूच्या एका तुकड्याचा फक्त नमुना टोचायचा. तो वाचून शरीर स्वतःच तो तुकडा बनवतं, शत्रू कसा दिसतो ते शिकतं, आणि नमुना थोड्या दिवसांत विरघळून जातो. मास्तर एकदम खूश. दुकानात येईल त्याला खडूने टेबलावर काढून दाखवायचा. कापड आपलं, दोरा आपला, ते फक्त पेपर कटिंग देतात, असं त्याने शंभर जणांना सांगितलं असेल. भावजय गेल्यावर इतकं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. आधी काहींना खरी लस आणि काहींना नुसतं पाणी टोचलं होतं, कुणाला काय ते कुणालाच माहीत नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं, मास्तरला खरीच मिळाली होती. त्या दिवशी त्याने गल्लीला चहा पाजला.

मग लस सगळ्यांसाठी आली आणि खरी पंचाईत सुरू झाली. समोरचा सायकलवाला, पंक्चर काढणारा, डोक्याने तल्लख माणूस. त्याने सरळ विचारलं, आज काही होत नाही हे दिसतंय, पण दहा वर्षांनी काय होईल? दहा वर्षं तर या लसीला अजून झालेलीच नाहीत, मग सांगणार कोण? आता लोक काही म्हणोत, मला हा प्रश्न मूर्खाचा वाटला नाही. माझ्याही मनात तोच होता, मी फक्त बोलत नव्हते. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनीही उडवाउडवी केली नाही. म्हणाल्या, लसीचा त्रास व्हायचा असेल तर तो बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, आजवरचा अनुभव तसा आहे. तरी आम्ही पुढची कितीतरी वर्षं या माणसांना फोन करत राहणार आहोत, ते याचसाठी.

गल्लीने यातलं अर्धंच ऐकलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, आणि आमच्या गल्लीला पुढचा घरबसल्या मिळाला होता. जो तो म्हणायला लागला, मास्तरला बघू. मास्तरला काही झालं नाही तर घेऊ. लोक सकाळी फाटकी पॅन्ट घेऊन यायचे आणि पॅन्ट दाखवता दाखवता त्याच्या तोंडाकडे बघायचे. डोळे पिवळे आहेत का, केस गळतायत का, धाप लागते का. तो शिंकला की गल्लीच्या तोंडापर्यंत बातमी. सायकलवाला रोज ओरडून विचारायचा, काय मास्तर, शेपूट वगैरे? मास्तर म्हणायचा, फुटलं की तुझ्याच पॅन्टला भोक ठेवून बघेन आधी.

खोटं कशाला बोलू, त्याला ते आवडत होतं. ज्याला घरात नि गल्लीत कुणी कधी दोन शब्द विचारले नव्हते, त्याला सगळे विचारत होते. म्हातारे विचारून गेले, मग त्यांच्या सुना, मग गरोदर बायका. तो प्रत्येकाला एकच सांगायचा, मी आहे ना. आणि त्याच्याकडे बघून एकेकाने घेतली. सायकलवाल्यानेही घेतली, सगळ्यांत शेवटी, तोंड वाकडं करून. पुढच्या थंडीत ताप आला तेव्हा आमच्या गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात हे सगळे विसरले.

काही वर्षं बरी गेली. मग एकदा कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर, काजाच्या कडेला, रक्ताचा ठिपका दिसला. मी हसले. म्हटलं, इतकी वर्षं सुई धरून आता बोटं फोडून घ्यायला लागलास होय. तोही हसला. थोड्या दिवसांनी त्याने काज-बटणाचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली, डोळे दुखतात म्हणाला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. एक दिवस दुकानात जळल्याचा वास आला म्हणून मी ओरडले, कापड करपतंय, तेव्हा त्याने खाली बघितलं. कापड नव्हतं, त्याचा तळहात इस्त्रीला टेकला होता. इस्त्री जुनी झाली आहे, असं म्हणाला. मग चालताना भिंतीला हात लावायला लागला, आणि विचारलं तर गुडघे. डॉक्टरला दाखव म्हटलं की गिऱ्हाईक आलंच म्हणून समजा. वय झालं की हे व्हायचंच, असं मला वाटलं. माझी तरी कुठली हाडं शाबूत आहेत.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने मला पुढे हॉस्पिटलच्या कॉटवर सांगितलं. उजव्या हाताची बोटं आधी मुंग्या आल्यासारखी झाली, मग त्यांना सुई कळेना, मग दोरा कळेना. आणि ह्या गाढवाच्या डोक्यात पहिल्या दिवशीच पक्कं बसलं की हे लसीचं आहे. डॉक्टरीणबाईंनी विरघळतो म्हणून सांगितलं होतं खरं, पण त्याच्या दुकानात कधी नमुना टाकला गेला होता का? त्याला वाटलं, शरीरातही कुठेतरी खिळ्याला लटकून राहिला असेल आणि इतक्या वर्षांनी शरीर परत तेच शिवायला बसलं असेल, वेडंवाकडं. शिंपी होता म्हणून असा विचार केला. दुसरा कुणी असता तर आधी डॉक्टर गाठला असता.

हा हॉस्पिटलात गेला नाही, कारण हॉस्पिटलातून परत येईपर्यंत गल्लीला कळलं असतं. मी आहे ना, असं ज्या ज्या माणसाला सांगितलं होतं तो प्रत्येक जण रात्री उठून आपली बोटं चाचपत बसला असता, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा, काही त्रास, काही तक्रार, काही नवीन? काही नाही, मजेत, असं सांगून हा फोन ठेवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याच्या मुठीत सुईसुद्धा राहत नव्हती आणि हा ती झाकून बसला होता.

आणि मग तीच लस लहान मुलांसाठी आली.

त्याच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, एक मुलगी. तिचं खरं नाव कागदोपत्री, बाकी आम्ही सगळे तिला बटण म्हणतो. मास्तरने ठेवलेलं नाव. ती आली की टेबलाखाली बसून रिकाम्या बॉबिनी रांगेत लावायची आणि हा वरून बटणं टाकायचा, एकेक. त्या वर्षी ताप पुन्हा डोकं वर काढत होता, आणि या वेळी मुलांना धरत होता. आमच्या पलीकडच्या इमारतीतला एक मुलगा हॉस्पिटलात नळ्या लावून पडला होता. भाची घाबरून गेली होती, तापालाही आणि लसीलाही. आईला तसं जाताना बघितलेली पोर ती. पण बटण अजून शाळेतही जात नव्हती, तिच्यापुढे सगळं आयुष्य पडलेलं. मोठ्यांचं एक वेळ ठीक आहे, आत्या, असं मला म्हणायची, पण ही तीस वर्षांची होईल तेव्हा काय होईल हे मला आज कोण सांगणार?

एका दुपारी ती बटणला घेऊन दुकानात आली. मी स्टुलावर होते, भावजयीच्या. भाची बापाच्या समोर उभी राहिली.

"बाबा, इतक्या वर्षांत तुम्हाला खरंच काही झालं नाही ना? बाकी कुणाचं मी ऐकणार नाही. तुमच्यावर सोडते."

मास्तरचा उजवा हात टेबलावरच्या कोटाच्या कापडाखाली होता. त्याने टेबलाखाली वाकून बटणकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "दे तिला."

त्याच आठवड्यात तिने दिली. बटणला एक दिवस अंग गरम झालं आणि दुसऱ्या दिवशी ती पलंगावर उड्या मारत होती. भाचीचा फोन आला, आवाज हलका झालेला. मी खाली जाऊन मास्तरला सांगितलं. त्याने नुसती मान हलवली आणि मशीन सुरू केलं. शिलाई वाकडी गेली होती, मी बघितलं.

काही महिन्यांनी, भर दिवसा, तयार कोट हँगरला लावून वर कुणाला तरी द्यायला निघाला आणि जिन्यावरून पडला. पायरी चुकली नव्हती, पाय पायरीवर आहे हेच त्याला कळलं नव्हतं. आम्ही धावलो तेव्हा कोट त्याने छातीशी धरलेला, चुरगळू दिला नव्हता, आणि पाय हलत नव्हते.

हॉस्पिटलात मानेचे फोटो काढले. मानेचा डॉक्टर तरुण होता, पण घाईतला नव्हता. फोटो दिव्यावर लावून त्याने भाचीला आणि मला दाखवलं. मानेची हाडं झिजून आत वाढली होती आणि मज्जारज्जू दाबत होती. आधी हात जातात, मग पाय. मूळचीच त्याच्या मणक्यातली पोकळी अरुंद, त्यात आयुष्यभर मान खाली. बोटं बधिर झाली तेव्हाच आला असतात तर ऑपरेशन करून बरंच वाचवता आलं असतं, आता आहे तिथे थांबवू, गेलेलं परत येणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं. भाचीने चाचरत लसीचं विचारलं. तो वैतागला नाही. म्हणाला, हे हाड आहे बाई, तुमच्या डोळ्यांसमोर आहे, सुईने हाड असं वाढत नाही. ही लस जन्माला यायच्या आधीपासून अशी माणसं येतात आमच्याकडे, शिंपी, हमाल, टायपिंगवाले.

मी मनात म्हटलं, पाय गेले, हात गेले, पण निदान हा डाग तरी धुतला गेला. भाचीने डोळे पुसले आणि आम्ही दोघी आत जाऊन मास्तरला सांगितलं. आता पाय येणार नाहीत हे ऐकून माणूस रडेल, नाहीतर भिंतीकडे तोंड करेल. हा हसायला लागला. इतकं मोकळं हसताना त्याला मी भावजय गेल्यापासून पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुसायला हात उठत नव्हता.

"मानेचं आहे?" तो म्हणाला. "सुईचं नाहीच? अगं, मी इतके दिवस सुईचंच समजत होतो की."

भाची त्याचा गाल पुसायला वाकली होती. ती तशीच थांबली.

"कधीपासून समजत होतात, बाबा?"

त्याच्या तेव्हा लक्षात आलं. हसू तोंडावरच राहिलं, आणि मग गेलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे डॉक्टरने एवढं समजावून सांगितलं, आणि या मूर्खाने आनंदाच्या भरात स्वतःच्या तोंडाने स्वतःचा घात करून घेतला.

"बटणला दिली त्याच्या आधीपासून?" तिने विचारलं.

त्याने हो म्हटलं. निदान तेव्हा तरी खोटं बोलला नाही. मग सांगायला लागला, भराभर, जसा कधी बोलला नव्हता तसा. तुझी आई माझा शर्ट मुठीत धरून गेली, ते तू दारातून बघितलंस, मी जवळून बघितलं. मला वाटलं, तीस वर्षांनी बटणची बोटं गेली तर जाऊ देत, श्वास तर राहील. बोटांशिवाय माणूस जगतं, मी जगतोच आहे ना. म्हणून दे म्हटलं. तो बोलत होता आणि भाची त्याचं पांघरूण नीट करत होती. नीट असलेलंच पांघरूण परत परत नीट करत होती. मग तिने पिशवी उचलली आणि बटणला पाळणाघरातून आणायचं आहे म्हणून ती निघून गेली.

डॉक्टरीणबाई त्याला बघायला आल्या. केस पिकले होते त्यांचे. बाहेर बाकावर बसून त्या मला म्हणाल्या, यांनी एका जरी फोनवर सांगितलं असतं की बोटं बधिर आहेत, तर मी दुसऱ्या दिवशी बोलावून मानेचा फोटो काढला असता. आम्ही फोन करतो ते कशासाठी? इतक्या वर्षांनी काही निघतं का हे बघायला तर करतो. लोक विचारतात, दहा वर्षांनी काय? त्याचं उत्तर या माणसांनी खरं सांगितलं तरच मिळणार ना. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. त्यांचा थकवा बघून मला माझ्या भावाचा आणखीनच राग आला. याला लसीची इज्जत वाचवायची होती, आणि लसीला वाचवणारं जे एकच काम याच्याकडे होतं, तेच याने केलं नाही.

गल्लीचं तर काय सांगावं. मास्तर आडवा झाला ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. मानेचं आहे म्हणून मी घसा फोडून सांगत होते. सायकलवाल्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, मानेचं होतं तर लपवलं कशाला? माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. ज्याने हात मोडला तरी डॉक्टर गाठला नव्हता तो आता पायाला मुंग्या आल्या म्हणून तपासायला जायला लागला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मुलांच्या लशी पडून राहायला लागल्या. नर्सबाई दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची.

ऑपरेशन झालं. मी मास्तरला वर माझ्या खोलीत आणलं, खिडकीजवळ. जे आहे तिथे थांबलं, डॉक्टर म्हणाला होता तसंच. मान वळते, तोंड चालतं, डावा हात जरा उचलतो. जिन्याखालची खोली मालकाने दुसऱ्याला दिली. नमुने मी जाळले. त्याने हरकत घेतली नाही.

बटणला दुसरा डोस द्यायचा होता. मुलांना दोन लागतात, एकावर काम अर्धवटच. तारीख जवळ आली, गेली. मग मीच भाचीच्या घरी गेले. वाटलं होतं ओरडेल, निदान माझ्यावर तरी. तिने मला चहा दिला आणि बटणला आतल्या खोलीत खेळायला पाठवलं.

"आत्या, त्यांनी खरं सांगितलं असतं तरी माझं कदाचित 'दे'च ठरलं असतं," ती म्हणाली. "आईला मीही बघितलंय. पण मग ते मी ठरवलं असतं. आता मी तिला झोपवते ना, तेव्हा तिची बोटं मोजून दाबून बघते. रोज. डॉक्टर खरं सांगतोय हे मला समजतं. समजून काय करू?"

मी तिला खूप समजावलं. हाड दिसलं ना, फोटोत दिसलं ना. ती मान डोलवत राहिली. तिचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण मला तिचा राग येईना. मी उठले.

त्यानंतर एकदा ती बटणला घेऊन मास्तरकडे आली. पलंगाच्या कडेला बसली. त्या दिवसानंतर तिने त्याला काही विचारलं ते तेवढंच.

"बाबा, दुसरा डोस राहिलाय. डॉक्टर म्हणतात द्या, आत्या म्हणते दे. तुम्ही सांगा."

तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत असं काही आलं की मला वाटलं, आता हा उठून बसेल.

"दे," तो म्हणाला. "मानेचंच होतं ते. तिला काही होणार नाही. मी खरं सांगतोय."

"तेव्हाही असंच म्हणाला होतात," भाची म्हणाली. आवाज अगदी साधा होता. तिने त्याला पाणी पाजलं, हनुवटी पुसली, आणि बटणला चप्पल घालायला सांगितली.

तो डोस अजून झालेला नाही. ती दर आठवड्याला येते. बापाला भरवते, त्याची नखं कापते, कधी कधी बटणलाही आणते. बोलते, हवापाण्याचं, घरातल्या खर्चाचं. विचारत काही नाही. खालून लोक जातात, सायकलवाला वर बघून हात करतो, तोही काही विचारत नाही. पलीकडच्या इमारतीत ताप पुन्हा आला आहे, या वेळी दोन मुलं आहेत, आणि हे मी मास्तरला सांगितलं नव्हतं, त्याला खिडकीतूनच कळलं. काल मी त्याला भात भरवत होते. त्याने तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?"

मी म्हटलं, आहे. लगेच म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्याने माझा चेहरा बराच वेळ बघितला, पण माझं बोलणं काही त्याला खरं वाटलं नाही.